हूड उघडतं का?

मी फक्त दोन चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या. दोनच. आणि तेवढ्यावरून आज आमच्या गल्लीतले लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, ती नजर मी नगरपालिकेच्या कचरापेटी विभागात बत्तीस वर्षं काढूनसुद्धा कधी पाहिली नव्हती. (तिथे लोक निदान शिव्या देऊन मोकळे व्हायचे. गल्लीतले नुसते हसतात.) माझं म्हणणं एवढंच आहे की चूक माझी नाही. चूक अमेरिकनांची आहे. त्यांनी आमची इंग्रजी भाषा नेली, दोन-अडीचशे वर्षं मनसोक्त वापरली आणि आम्ही जरा हात लावायला गेलो तर आतले सगळे पार्ट बदललेले.

माझं नाव जेफ्री एंटविसल. लँकेशरमध्ये रॉटनस्टॉल गावात, एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांच्या ओळीत मी आणि माझी बायको ग्लेनिस राहतो. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. निवृत्त माणसं आमच्याकडे एकतर गुलाब लावतात नाहीतर कबुतरं पाळतात. मी ठरवलं, अमेरिकन मसल कार घ्यायची. अकरा वर्षांचा असताना एका मासिकात मी तिचं चित्र पाहिलं होतं. लांबलचक नाक, रुंद बूड, आणि पोटात एवढं मोठं इंजिन की आमच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्यांची इंजिनं एकत्र केली तरी त्यात आरामात मावतील. बत्तीस वर्षं मी लोकांच्या कचरापेटीची झाकणं बदलून दिली ती या एका चित्राच्या जोरावर.

ग्लेनिसला सांगितलं तेव्हा ती मटार सोलत होती. मी भांडणाच्या पूर्ण तयारीनं गेलो होतो. मुद्दे कागदावर लिहून नेले होते.

‘घे,’ ती म्हणाली.

‘काय घे?’

‘गाडी घे. तुला हवा तो रंग घे, पट्टे घे, आवाज घे. मी एका शब्दानं बोलणार नाही. माझी एकच अट आहे. तिचं छप्पर उघडायला हवं.’

आता ही अट कुठून आली ते सांगायला हवं. पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही लग्नानंतर आठवडाभर मोरकमला गेलो होतो. तिथे समुद्राकाठच्या रस्त्यावरून बिनछपराची बस धावायची. त्या बसच्या वरच्या मजल्यावर बसायचं, डोक्याला स्कार्फ बांधायचा आणि वारा खात किनारा बघायचा, एवढंच ग्लेनिसला हवं होतं. सातही दिवस पाऊस पडला. सातही दिवस बस बंद. आम्ही एका चहाच्या दुकानात बसून, धुरकटलेली काच बाहीनं पुसून पुसून समुद्र पाहिला.

‘पस्तीस वर्षं झाली, जेफ्री,’ ती म्हणाली. ‘मी अजून मोरकमचा समुद्र काचेतूनच पाहिलाय. येत्या चौदा जूनला लग्नाचा वाढदिवस आहे. त्या दिवशी छप्पर उघडं टाकून तू मला त्या रस्त्यावरून न्यायचंस. बास.’

या बाईनं पस्तीस वर्षांत माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलेलं नाही. (एकदा शिडी धरायला बोलावलं होतं. तीही मी सोडली. पण तो विषय वेगळा.) मी तिथल्या तिथे शब्द दिला. मटारावर हात ठेवून दिला.

अमेरिकेत ओहायोमध्ये एक कंपनी आहे. जुन्या मसल कारचे सांगाडे शोधायचे आणि गिऱ्हाईक म्हणेल तशी गाडी त्यावर नव्यानं बांधून द्यायची, हा तिचा धंदा. मी एकोणिसशे एकोणसत्तरची ‘रॅटलर’ निवडली. त्यांनी एक फॉर्म पाठवला. अकरा पानांचा. मला फॉर्मची भीती वाटत नाही, माझी अख्खी नोकरी फॉर्म भरण्यात गेली. पण मी भरलेल्या फॉर्मांत जास्तीत जास्त प्रश्न म्हणजे पेटी हिरवी हवी की करडी. इथे नुसत्या रंगाचीच चार पानं होती, आणि एकाही रंगाला सरळ नाव नाही. लालला लाल म्हणायला यांची जीभ रेटत नाही. ‘खवळलेली मिरची’, ‘शेरीफचं नाक’, ‘नेवाडातला सूर्यास्त, वीकेंड’. मी तीन दिवस विचार करून खवळलेली मिरची घेतली.

मग पट्टे. एक जाड की दोन बारीक? मग चाकं. मग गिअरच्या दांड्याची मूठ. लाकडी की पिस्तुलासारखी? (पिस्तुलासारखी. आता तुम्हीच सांगा, साठीच्या माणसानं आणखी काय करायचं?) मग धुराड्याचा आवाज. त्यात तीन प्रकार होते. सौम्य, खणखणीत आणि तिसऱ्याच्या पुढे एवढंच लिहिलं होतं की आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्यावं. मी शेजाऱ्याचा विचार केला आणि तिसऱ्यावर खूण केली.

शेजारी म्हणजे डेस्मंड पिकल्स. शाळेत सुतारकाम शिकवायचा. बायको केली नाही, त्याऐवजी एक गाडी केली. हिरव्या रंगाची, दोन माणसांची, बिनछपराची, आपली इथली, ब्रिटिश. उंची माझ्या कमरेएवढी. तिच्यात बसायचं म्हणजे आधी अंघोळीच्या टबात उतरल्यासारखं उतरायचं आणि मग पाय कुठे गेले ते शोधायचं. तिच्याखाली कायम केक भाजायचा ट्रे ठेवलेला असतो, कारण तेल गळतं. मी एकदा त्याला तसं बोलून दाखवलं तर म्हणाला, ‘गळतंय म्हणजे आत तेल आहे, जेफ्री. गळायचं थांबेल त्या दिवशी मला काळजी.’ या माणसाला गाड्यांबद्दल विचारायचं नाही, अशी मी प्रतिज्ञा केली होती. तिथेच घात झाला.

सातव्या पानावर छपराचा प्रश्न आला. दोन चौकटी होत्या. ‘फास्टबॅक’ (मागे बुडापर्यंत घसरत जाणारं छप्पर) आणि ‘हार्डटॉप’. मी ग्लेनिसला हाक मारली आणि जरा शहाणपणा पाजळला.

‘हे बघ. हार्डटॉप म्हणजे उघड्या गाडीवर हिवाळ्यात लावायचं कडक झाकण. चार बोल्ट काढले की निघतं. पिकल्सचं नाही का, त्याच्या गॅरेजात दोरीनं टांगलेलं असतं? तेच.’

‘आणि उन्हाळ्यात?’

‘उन्हाळ्यात त्याच्याखाली हूड असतं.’ मी पान उलटलं. आठव्या पानावर ठळक अक्षरांत ‘हूड’ लिहिलेलंच होतं. ‘हे काय. साधं, काळं, आणि काळं पिनांसकट.’

आता हूड म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. उघड्या गाडीचं घडीचं कापडी छप्पर म्हणजे हूड. बाबागाडीला असतं तेच. पाऊस आला की ओढायचं, ऊन पडलं की मागे सारायचं. इंजिनावरच्या झाकणाला आम्ही बॉनेट म्हणतो, तुम्ही बॉनेट म्हणता, जगातला कुठलाही शहाणा माणूस बॉनेट म्हणतो.

‘पिना कशाला?’ ग्लेनिसनं विचारलं.

‘वेगात उडू नये म्हणून. अमेरिकेत वारं फार.’

तिनं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. असं ती सहसा पाहत नाही, म्हणून लक्षात आहे. मी दोन्ही चौकटींत खुणा केल्या. हार्डटॉप. काळं हूड, पिनांसकट.

आणि लोक म्हणतात मी निष्काळजी आहे. अहो, मी फोन करून खात्री करून घेतली. ओहायोला. तिथे बडी नावाचा गृहस्थ होता. आवाज असा की जणू तोंडात कायम अर्धं सँडविच.

‘मला हूडबद्दल विचारायचंय,’ मी म्हणालो. ‘उघडतं ना ते?’

‘उघडतं तर, सर. पिना काढायच्या आणि उचलायचं.’

‘माझ्या बायकोला जमेल?’

‘माझी आजी उघडते, सर. रोज सकाळी.’

‘रोज?’

‘तिची गाडी जुनी आहे.’

मला ती आजी एकदम आवडली. ‘आम्ही हूड उघडं टाकून समुद्राकाठी फिरायला जाणार आहोत,’ मी म्हणालो. ‘लग्नाचा वाढदिवस आहे.’

‘हूड उघडं टाकून? गाडी चालू असताना?’

‘मग काय उभी असताना? उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच जातात.’

‘पण सर, समोरचं दिसतं कसं?’

‘समोरचं न दिसायला काय झालं? उलट जास्त छान दिसतं. बायका डोक्याला स्कार्फ बांधतात.’

‘स्कार्फ,’ बडी म्हणाला. ‘आणि पोलीस काही बोलत नाहीत?’

‘पोलीस हात करतात.’

बडी फार आदरानं म्हणाला, ‘सर, तुम्ही लोकांनी दोन महायुद्धं कशी जिंकलीत ते आज मला कळलं.’

मला सांगा, याहून अधिक खात्री माणसानं कशी करून घ्यायची?

मे महिन्याच्या शेवटी गाडी आली. लिव्हरपूलच्या बंदरातून एका लांब ट्रकवर चढवून आणली. आमच्या गल्लीत तो ट्रक शिरेना, म्हणून गाडी तोंडाशीच उतरवली आणि मी ती चालवत आणली. स्टीअरिंग डावीकडे. आमच्या सगळ्या गाड्यांचं उजवीकडे. त्यामुळे मी सवयीनं उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि पट्टा बांधून किल्ली कुठे घालायची ते शोधू लागलो. (ट्रकवाल्यानं काचेवर टकटक केलं.) धुराड्यानं घरांच्या खिडक्या थरथरल्या आणि अख्खी गल्ली दारात आली. गाडीवर वाहतुकीसाठी घातलेलं ताडपत्रीचं आच्छादन होतं, ते मी मुद्दामच पुढची काच आणि दारं सोडून कुठे काढलं नव्हतं. म्हटलं, समारंभ व्हायला हवा.

ग्लेनिस बाहेर आली. तिनं हिरवा स्कार्फ बांधला होता. नवा होता. तिनं तो कधी आणला, मला माहीतही नव्हतं.

मी आच्छादन ओढलं. खवळलेली मिरची उन्हात अशी काही झळकली की दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मी घसा साफ केला. ‘आता,’ मी म्हणालो, ‘आधी हे कडक झाकण काढू, मग हूड उघडून ग्लेनिसला एक फेरी.’

बोल्ट शोधले. बोल्ट नव्हते. छपराच्या चारी कोपऱ्यांवरून हात फिरवला. आत शिरून गादीवर आडवा झालो आणि खालून पाहिलं. छप्पर खांबांना असं जोडलेलं होतं की कुठे सांधासुद्धा दिसेना. बाहेर आलो तर पिकल्स कुंपणावर कोपर टेकून उभा. चेहऱ्यावर नाताळ.

‘काय शोधतोयस, जेफ्री?’

‘हूड.’

‘हे काय,’ तो म्हणाला. पुढे आला, गाडीच्या लांबलचक काळ्या नाकावरच्या दोन चकचकीत पिना काढल्या आणि इंजिनावरचं झाकण एका हातानं वर केलं. ‘अमेरिकन लोक याला हूड म्हणतात. काळं मागवलंस वाटतं. शोभतंय हो.’

‘आणि हार्डटॉप?’ माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

‘हार्डटॉप म्हणजे त्यांच्याकडे घट्ट पत्र्याचं छप्पर. कायमचं.’

गल्ली हसली. अगदी समोरच्या मिसेस क्लेग, ज्यांची पेटी मी तीनदा फुकट बदलून दिली होती, त्यासुद्धा. फक्त ग्लेनिस हसली नाही. ती पुढे आली, उघड्या झाकणाखालच्या त्या भल्यामोठ्या इंजिनाकडे तिनं थोडा वेळ पाहिलं. ‘खूप स्वच्छ आहे,’ ती म्हणाली, आणि स्कार्फची गाठ सोडत घरात गेली.

मी तडक ओहायोला फोन लावला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

‘तुमचं हार्डटॉप निघत नाही,’ मी म्हणालो.

‘निघतं, सर,’ बडी शांतपणे म्हणाला. ‘करवतीनं.’

‘आणि हूड म्हणजे बॉनेट, हे मला का सांगितलं नाहीत?’

‘बॉनेट? सर, बॉनेट म्हणजे माझी आजी चर्चला जाताना डोक्यावर घालते ते.’

मी फोन ठेवला. या आजीबद्दल मला जे काही वाटत होतं ते सगळं मी त्या क्षणी परत घेतलं.

चौदा जूनला सोळा दिवस होते. मी गाडी मर्व्हिन ड्यूहर्स्टकडे नेली. मर्व्हिन रेल्वेच्या पुलाखालच्या कमानीत गॅरेज चालवतो आणि तोंडातली पेन्सिल बाजूला केल्याशिवाय बोलत नाही, म्हणजे फारसा बोलतच नाही. त्यानं गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या.

‘छप्पर कापून दे,’ मी म्हणालो.

पेन्सिल बाहेर आली. ‘कापतो. पण मग पहिल्या खड्ड्यात गाडी मधोमध दुमडेल. पुस्तकासारखी. तुम्ही दोघं पान नंबर अमुक.’

‘मग दुसरं काय?’

‘कॅरव्हॅनच्या छपराला खिडकी असते तशी बसवता येईल. मागे एक पडलीय. वर ढकलली की उघडते. मिसेस एंटविसल गादीवर उभ्या राहिल्या तर खांद्यापर्यंत बाहेर येतील.’

मी घरी येऊन हे सांगितलं. ग्लेनिस शांतपणे इस्त्री करत होती. ‘मला समुद्राकाठी जायचंय, जेफ्री,’ ती म्हणाली. ‘पाणबुडीतून डोकं काढायचं नाहीये.’

वर मर्व्हिननं आणखी एक शोध लावला. या गाडीचे मागचे वळणदर्शक दिवे लाल होते. आमच्याकडे ते पिवळे लागतात, त्याशिवाय गाडी तपासणीत पास होत नाही. मग काय, घोड्यांच्या ट्रेलरचे दोन पिवळे दिवे खाली लटकवले. अकरा पानं भरून, तीन आठवडे डोकं शिणवून निवडलेल्या गाडीच्या बुडाला घोड्यांच्या ट्रेलरचे दिवे. मला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

पण खरं सांगतो, दिव्यांचं काही नाही. ग्लेनिस रागावली असती तरी चाललं असतं. तिनं आदळआपट केली असती, मला सोफ्यावर झोपायला लावलं असतं, तर मी आनंदानं झोपलो असतो. तिनं काहीच केलं नाही. ‘राहू दे रे, काचेतूनही छानच दिसतं,’ म्हणाली. आणि एक दिवस मी मोजे शोधायला खण उघडला तर तो हिरवा स्कार्फ तिथे होता. नीट घडी घातलेला, दुकानाची चिठ्ठी वर ठेवलेली. परत करायला काढला होता. मी खण लावून टाकला आणि बराच वेळ तसाच बिनमोज्यांचा बसून राहिलो. फार वाईट वाटलं. मी चोवीस गोष्टी स्वतःसाठी निवडल्या होत्या आणि त्या चोवीसच्या चोवीस बरोबर आल्या होत्या.

चौदा जूनला सकाळी उठलो तर आकाशात ढगाचा एक ठिपका नाही. लँकेशरमध्ये. जूनमध्ये. आता हा चावटपणा नाही तर काय? पस्तीस वर्षांपूर्वी सात दिवसांत जे जमलं नाही ते आज, माझ्या घट्ट पत्र्याच्या छपरावर, सकाळी सहापासून लखलखत होतं.

मी कोट घातला, बाहेर पडलो आणि पिकल्सचं दार वाजवलं. आयुष्यात मी बरेच अपमान गिळले आहेत, पण ते सगळे कामाच्या वेळेत होते.

‘डेस्मंड,’ मी म्हणालो, ‘तुझी गाडी एका दिवसासाठी हवी होती. ग्लेनिससाठी.’

मला वाटलं तो हसेल. हसला नाही, आणि त्याचाही मला रागच आला. ‘गाडी देत नाही,’ तो म्हणाला. ‘क्लच माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. पण मी तिला नेतो. तू मागून ये. माझ्या गाडीत डबे ठेवायला जागा नाही, आणि माझी हत्यारांची पेटीही तुझ्याकडेच ठेव.’

अशा रीतीनं माझ्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवशी माझी बायको दुसऱ्याच्या गाडीत बसून पुढे गेली आणि मी सात लिटर इंजिनाच्या गाडीतून हॅमची सँडविचं, दोन पोर्क पाय (मांस भरलेल्या गोल पेस्ट्र्या), चहाचा थर्मास आणि पिकल्सचे पाने-पक्कड घेऊन मागून निघालो.

पन्नास मैल. त्यातले पन्नासच्या पन्नास मी पिकल्सच्या मागे. कारण काय, तर स्टीअरिंग डावीकडे. आमच्या रस्त्यावर पुढच्याला ओलांडायचं तर उजवीकडे डोकावावं लागतं, आणि मी बसलेलो गटाराच्या बाजूला. उजव्या सीटवर कुणी माणूस असेल तर तो सांगणार, ‘ये’ किंवा ‘थांब’. माझ्या उजव्या सीटवर पोर्क पाय होते. मी त्यांच्या भरवशावर एकदा नाक बाहेर काढलं, तर समोर दुधाचा टँकर. पुन्हा काढलं नाही. दुसऱ्याच्या वर गिअर नाही की पस्तीसच्या वर वेग नाही, आणि पुढे, त्या हिरव्या टबात, वाऱ्यावर फडफडणारा हिरवा स्कार्फ. तो मात्र मला सबंध रस्ताभर दिसत होता. ग्लेनिस मधूनच हात वर करून बोटांतून वारा जाऊ देत होती. काही तरी गातही असावी, पण माझ्या धुराड्यापुढे मला माझंच खोकणं ऐकू येत नव्हतं.

मोरकम आलं. समुद्राकाठचा तो लांब सरळ रस्ता सुरू व्हायच्या आधीच पिकल्सनं गाडी कडेला घेतली. मी मागे थांबलो, उतरलो, तणतणत पुढे गेलो.

‘आता काय झालं? तेल संपलं?’

‘कंबर,’ पिकल्स म्हणाला. त्याला ग्लेनिसनं एका हाताला धरून आणि मी दुसऱ्या हाताला धरून बाहेर ओढला. तो काटकोनात उभा राहिला. थोडा वेळ जमिनीकडे बघत बोलला. ‘पुढे तुम्ही दोघं जा. ग्लेनिस, तू चालव. क्लच अलगद सोड, आणि सोडताना त्याच्याशी बोल.’

‘तुझा क्लच तर कुणाचं ऐकत नाही ना?’ मी म्हणालो.

‘तुझं ऐकणार नाही,’ पिकल्स म्हणाला. ‘वाढदिवस तुमचा आहे का माझा? जा आता. सँडविचं मला दे आणि किल्ली ठेवून जा.’

या माणसाचा धड राग करायचीसुद्धा सोय नाही. मी त्याला किल्ली दिली. तो माझ्या गाडीला टेकला, त्यानं एक पोर्क पाय कागदातून सोडवला, आणि आम्ही निघायच्या आतच तिथे जमलेल्या दोघातिघांना तो झाकण वर करून इंजिन दाखवायला लागला.

ग्लेनिसनं क्लच सोडला. गाडीनं एक उचकी दिली आणि आम्ही निघालो. डावीकडे समुद्र, त्यापलीकडे निळे डोंगर, आणि मध्ये काच नाही. काहीच नाही. वीस मैलांचा वेग असेल, पण जमिनीपासून वीतभर उंचीवर तो दोनशेचा वाटतो. ग्लेनिसच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी तिच्याकडेच पाहत राहिलो. सोळा दिवसांचा सगळा संताप, ती अकरा पानं, बडी, त्याची आजी, घोड्यांचे दिवे, सगळं वाऱ्यावर गेलं. मी तिच्या हातावर हात ठेवला. (गिअरवर होता. तिनं माझा हात उचलून बाजूला ठेवला. पण प्रेमानं.)

‘जेफ्री,’ ती म्हणाली, ‘मला वाटलं होतं त्याहून छान आहे.’

मी ताठ बसलो, मान वर केली, छाती पुढे काढली. नेमका त्याच क्षणी समुद्राकडून एक जोराचा झोत आला.

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी, जी आजवर मी कुणापाशी बोललेलो नाही. माझ्या डोक्यावर मधल्या भागात काही नाही. जे आहे ते उजव्या कानाच्या वर आहे, आणि ते मी गेली वीस वर्षं वाढवून, पाण्यानं चापून, वरून डाव्या कानापर्यंत नेऊन बसवतो. आरशात पाहिलं तर काही कळत नाही. गल्लीतही कुणाला माहीत नाही. (असं मला वाटत होतं.) बंद गाडीत याचा कधी प्रश्नच आला नव्हता.

डावीकडून आलेल्या त्या वाऱ्यानं तो सगळा पट्टा एकसंध उचलला आणि उजव्या कानावर सरळ उभा केला. मी दोन्ही हातांनी दाबायला गेलो तर तो हातांच्या मधून वर. फुटपाथवरची माणसं थांबली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मला सलाम केला.

ग्लेनिसला इतकं हसू फुटलं की तिला गाडी कडेला घ्यावी लागली. स्टीअरिंगवर डोकं टेकून ती हसत राहिली. मग तिनं डोळे पुसले, स्वतःचा हिरवा स्कार्फ सोडला, तो माझ्या डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली घट्ट गाठ मारली, आणि म्हणाली, ‘चला, अखेर तुझं हूड उघडलं.’